कोरियन स्वयंपाकघरातील क्रियापदे



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणतो. या व्यासपीठावर राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय यावेत, आणि तेथेच कोणी येऊन कोरियन भाषेतील चिरणे, परतणे आणि उकडणे यांवर तासभर बोलावे, हा थोडासा अतिप्रसंगच म्हणावयाचा. तथापि कोरियन ही भाषा आता आपल्यापासून फार लांब राहिलेली नाही. रांजणगावास आणि तळेगावास कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांतून शिकवावयाच्या परकी भाषांमध्ये कोरियनचे नाव आहे. आणि घरातली मुले रात्री अकरानंतर मोबाइलवर कोणत्या देशाच्या मालिका पाहतात, हे येथे बसलेल्या मातापित्यांना आम्ही सांगावे असे नाही. तेव्हा ही भाषा शिकली जाणार, हे ठरलेलेच आहे. प्रश्न उरतो तो कोणत्या दाराने आत जावे याचा. आमचे म्हणणे असे की, स्वयंपाकघराच्या दाराने जावे, आणि जाताना इंग्रजीला मध्यस्थ न करता मराठीला करावे.

मध्यस्थाने काय होते त्याचा एक नमुना पाहा. २०१९ साली 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट निघाला आणि २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात एक श्रीमंत घरची बाई परतीच्या वाटेवरून घरच्या मोलकरणीला फोन करते आणि एक पदार्थ तयार ठेवावयास सांगते. त्या पदार्थाचे नाव 'चापागुरी'. बाजारात मिळणाऱ्या दोन निरनिराळ्या तयार शेवयांच्या पुड्या एकत्र करून तो करतात आणि दोन्ही पुड्यांची नावे तोडून जोडून त्याचे नाव झाले आहे. इंग्रजी भाषांतरकारापुढे अडचण उभी राहिली, कारण परदेशच्या प्रेक्षकाला त्या पुड्या कोठून ठाऊक असणार? त्याने 'रामेन' आणि 'उदोन' या दोन शब्दांचा संकर करून 'रामदोन' असा नवाच शब्द घडविला. त्या भाषांतरकाराला आम्ही दोष देत नाही. त्याचा प्रेक्षक इंग्रजी होता आणि त्या प्रेक्षकाला जपानी शेवया परिचयाच्या होत्या. पण आमच्या मराठी घरात बसून ज्याने तो चित्रपट पाहिला, त्याच्या पानात काय पडले? कोरियन बाईने सांगितलेला कोरियन पदार्थ, जपानी नावाचे तुकडे जोडून, इंग्रजी अक्षरांत!

नामांचे हे असे होते. क्रियापदांचे त्याहून वाईट होते. इंग्रजी पाककृतीत 'फ्राय' म्हणून एक शब्द आहे. आमच्या मुलांच्या हाती जी कोरियन शब्दांची इंग्रजी यादी पडते, तिच्यात त्या एका शब्दापुढे चार कोरियन क्रियापदे सापडतात. 'बोक्ता' म्हणजे सतत हलवीत परतणे. 'जिजिदा' म्हणजे थोडे तेल सोडून तव्यावर खालीवर करून काढणे. 'बुछिदा' म्हणजे पीठ भिजवून तव्यावर पसरणे, म्हणजे आमचे धिरडे घालणे. आणि 'थ्विगिदा' म्हणजे भरपूर तेलात तळणे. इंग्रजीही पुढे विशेषणे लावून हे भेद दाखवू शकते, नाही असे नाही. परंतु मराठी मुलीला या विशेषणांची गरजच काय? तिच्या आजीच्या तोंडी परतणे वेगळे आहे, घालणे वेगळे आहे आणि तळणे वेगळे आहे.

'बॉइल'चीही तीच कथा. कोरियनमध्ये 'कुरिदा' आणि 'साम्ता' असे दोन शब्द आहेत. ज्यातले पाणी आपण पिणार किंवा खाणार, ते कुरिदा, जसे सार, रस्सा, चहा. ज्यातले पाणी ओतून द्यावयाचे आणि आतली वस्तू घ्यावयाची, ते साम्ता, जसे अंडे, बटाटा, शेवया. पांढरे कपडे स्वच्छ निघावेत म्हणून उकळत्या पाण्यात घालतात, त्यालाही साम्ताच. आता पाहा: आपण चहा उकळतो आणि अंडे उकडतो. 'आज चहा उकडला' असे कोणी म्हटले तर पाच वर्षांचे पोर हसेल. कोरियन पोरही अंड्याला 'कुरिदा' लावले तर तसेच हसेल. हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, तो दाखवून दिला की पुरे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र तो नियम म्हणून पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेले विसरते.

'चिदा' म्हणजे वाफवणे. येथे आमच्याकडेच थोडा घोटाळा आहे. मोदक शिजतात वाफेवर, पण आम्ही म्हणतो 'उकडले'. कोरियन बाई मोदकाला चिदाच म्हणेल. भाजण्याला त्यांच्याकडे 'गुप्ता' असा शब्द आहे. हसू नका, ते आडनाव नव्हे. मासा गुप्ता, मांस गुप्ता, भाकरीसारखा पदार्थ गुप्ता, आणि मडकी व विटाही गुप्ता. इंग्रजीत ग्रिल, रोस्ट, बेक, टोस्ट अशी शब्दांची रांग लागते आणि विटांसाठी आणखी निराळा शब्द. मराठीत आपण वांगे भाजतो, पोळी भाजतो आणि वीटही भाजतो. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, रवा किंवा तीळ कढईत हलवीत भाजणे हे कोरियनमध्ये 'बोक्ता' होते, 'गुप्ता' नव्हे. तेथे हात हलतो की नाही हे महत्त्वाचे. म्हणजे मराठी हाती दिली म्हणून सगळी कुलुपे उघडतील, असा आमचा दावा नाही.

उच्चारांबद्दल दोन शब्द सांगून पुढे जातो. 'बुल्' म्हणजे अग्नी, 'पुल्' म्हणजे शिंग आणि 'फुल्' म्हणजे गवत. प आणि फ हे वेगळे ऐकण्याची सवय मराठी कानाला जन्मापासून आहे, इंग्रजी कानाला ती नाही. आपली अडचण पहिल्या अक्षराची आहे, कारण ते प आणि ब यांच्या मधले आहे. शिजलेल्या भाताला कोरियनमध्ये जो शब्द आहे तो मराठीत 'बाप' असा लिहावा तर पिता होतो, आणि 'पाप' असा लिहावा तर त्याहून कठीण! आम्ही 'बाप'च लिहितो. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

आता वाक्याकडे येऊ. कोणत्याही कोरियन पाकपुस्तकात सापडेल असे एक साधे वाक्य घ्या: 'यांग्फारुल् जाल्गे सॉरॉसॉ गिरुमे बोंग्नुन्दा.' यांग्फा म्हणजे कांदा, 'रुल्' हा कर्माचा प्रत्यय. जाल्गे म्हणजे बारीक. सॉरॉसॉ म्हणजे चिरून. गिरुम् म्हणजे तेल, 'ए' हा आपला 'त' प्रत्यय. बोंग्नुन्दा म्हणजे परततात. जोडून वाचा: 'कांदा बारीक चिरून तेलात परततात.' एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही! इंग्रजीतून जाणाऱ्याला हेच वाक्य आधी उलटे करावे लागते आणि मग पुन्हा सुलटे.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. आपण म्हणतो 'खाऊन पाहा'. यात डोळ्यांनी काहीच पाहावयाचे नसते. कोरियन म्हणतो 'मॉगॉ बोदा', आणि 'बोदा' म्हणजे पाहणे. 'चिरून ठेव' याला 'सॉरॉ दुदा', आणि 'दुदा' म्हणजे ठेवणे. 'चिरून दे' याला 'सॉरॉ जुदा', आणि 'जुदा' म्हणजे देणे. 'खाऊन टाकले' याला 'मॉगॉ बॉरिदा', आणि 'बॉरिदा' म्हणजे टाकून देणे. आमटीतले मीठ पुरेसे आहे की नाही हे आपण 'पाहतो', तेही 'गान् बोदा' म्हणजे शब्दशः मीठ पाहतात. यावरून कोणी लगेच कोरियन आणि मराठी या सख्ख्या बहिणी ठरवू नयेत. विसाव्या शतकाच्या आरंभी होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने कोरियन भाषेचे द्राविडी भाषांशी नाते लावणारा ग्रंथ लिहिला, पण ते मत भाषाशास्त्राने स्वीकारलेले नाही. नाते नसूनही दोन घरांची मांडणी सारखी असू शकते. शिकणाऱ्याला मांडणीशी काम असते, वंशावळीशी नसते.

मात्र जेथे मराठी तोकडी पडते तेथे ती तोकडी पडते, हेही सांगितले पाहिजे. भात करणे याला कोरियनमध्ये 'जित्ता' म्हणतात. हेच क्रियापद घर बांधण्याला, कपडे शिवण्याला, कविता रचण्याला, मुलाचे नाव ठेवण्याला, शेती करण्याला, औषध तयार करण्याला, इतकेच काय, पाप करण्यालाही वापरतात. या सगळ्यांना पुरेल असा एक शब्द आम्हांला मराठीत सापडत नाही. आपण भात टाकतो, कुकर लावतो. तेथे भात रचला जातो. कालवण्याच्या बाबतीतही त्यांची श्रीमंती मोठी आहे. उकडलेल्या पालेभाजीला मीठ-तेल हाताने हळुवार लावणे म्हणजे 'मुछिदा'. कोबीच्या पानापानाला मसाला फासून सगळे एकत्र करणे म्हणजे 'बॉमुरिदा'. ताटातला भात आणि भाज्या चमच्याने रगडून एकजीव करणे म्हणजे 'बिबिदा', आणि त्यावरूनच 'बिबिम्बाप' झाले. आम्ही या तिन्ही ठिकाणी कालवतो. उलट वाटणे, कुटणे, ठेचणे, भरडणे, खोवणे, किसणे ही आमची पलटण त्यांच्याकडे दोनतीन शब्दांत आटोपते, आणि फोडणीला तर त्यांच्याकडे शब्दच नाही, कारण फोडणीच नाही.

मुरण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही घरे तुल्यबळ आहेत. किमची 'घालतात', आपण लोणचे घालतो तसे. त्याला 'दाम्गुदा' म्हणतात, आणि हाच शब्द सोयाबीनच्या साठवणीच्या आंबवणांना म्हणजे 'जांग'ना आणि मद्यालाही चालतो. आधी कोबी मिठात ठेवून मऊ पाडणे म्हणजे 'जॉरिदा'. घातलेली किमची मुरली की 'इक्ता' झाली. फळ पिकले की इक्ता, मांस शिजले की इक्ता, आणि एखादे काम हाताच्या अंगवळणी पडले की तेही इक्ता. आपण मुरलेल्या लोणच्यावरून मुरलेल्या राजकारण्यापर्यंत जातोच ना! हिवाळ्यापूर्वी घरोघर, शेजारणी जमवून किमची घालण्याच्या रिवाजाला 'किमजांग' म्हणतात. २०१३ साली दक्षिण कोरियाच्या नावाने त्याची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली, आणि २०१५ साली उत्तर कोरियाच्या किमचीचीही झाली. देश दुभंगला, पण क्रियापद एकच राहिले.

भाताकडे वळू. शेतातली साळ 'ब्यॉ', तिचे रोप 'मो', सडलेला तांदूळ 'साल्' आणि शिजलेला भात 'बाप'. इंग्रजीत या चारही अवस्थांना प्रायः एकाच शब्दावर भागवितात. भांड्याच्या बुडाशी लागलेली खरवड म्हणजे 'नुरुंजी', आणि त्या खरवडीत पाणी घालून उकळून जेवणानंतर पितात ते 'सुंगन्युंग'. भात शिजल्यावर विस्तव कमी करून, झाकण न काढता वाफ मुरू देणे याला 'तुम्' देणे म्हणतात. एखादा माणूस महत्त्वाची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावतो, तेव्हाही 'किती तुम् देतोस!' असेच म्हणतात. 'जेवलात का?' हा तेथेही नमस्काराचा एक प्रकार आहे, उत्तर काहीही दिले तरी चालते. पण आजोबांना विचारताना 'बाप' म्हणून चालत नाही. त्यांच्या पानातल्या भाताला 'जिन्जी' म्हणावे लागते आणि खाणे हे क्रियापदही बदलावे लागते. राजाच्या जेवणाला पूर्वी 'सुरा' म्हणत. ऐकून भलतीच कल्पना करून घेऊ नये.

आतापर्यंत आम्ही क्रियापदांचे इतके कौतुक का केले? कारण नामे ही पाहुणी असतात. कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत. 'किमची' हे नावसुद्धा 'पाण्यात बुडविलेली भाजी' अशा अर्थाच्या चिनी जोडशब्दावरून झिजत आले आहे. गाजर म्हणजे 'दांग्गुन्', अर्थात चीनच्या तांग राजवंशाच्या नावाने ओळखले जाणारे मूळ. कांदा म्हणजे 'यांग्फा', विलायती पात. आपल्याकडेही बटाटा, कोबी, काजू, पाव ही मंडळी पोर्तुगीजांबरोबर आली आणि घरची होऊन बसली. पण बटाटा 'चिरतात', आणि चिरणे कोणी जहाजातून आणलेले नाही. मिरचीचा प्रवास तर दोन्हीकडे सारखाच रंगतदार आहे. ती अमेरिकेतून निघाली, पोर्तुगीजांनी गोव्यास आणली आणि आपण मिऱ्यावरून तिला मिरची म्हणालो. कोरियात १६१४ सालच्या एका ग्रंथात तिचा उल्लेख 'जपानी मोहरी' अशा नावाने सापडतो. पुढे मिऱ्याला जसे 'हुछु' तसे हिला 'गोछु' झाले. किमचीत ती पडल्याचे १७६६ सालच्या ग्रंथात दिसते. म्हणजे जी किमची आज लाल रंगावाचून डोळ्यांपुढे येत नाही, ती कित्येक शतके पांढरीच होती.

मग घरचे शब्द टिकवले कोणी? पंडितांनी नव्हे. सेजोंग राजाने १४४३ साली कोरियन लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. पण दरबारी विद्वान चिनीतच लिहीत राहिले आणि नव्या लिपीला 'बायकांची अक्षरे' म्हणून नाके मुरडीत राहिले. ज्या महाराष्ट्रात देशी भाषेत धर्म सांगणाऱ्यांना काय सोसावे लागले हे ठाऊक आहे, तेथे यावर अधिक भाष्य नको. इ. स. १६७० च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या गृहिणीने याच अक्षरांत 'उम्शिक दिमिबांग' हे पाकशास्त्राचे पुस्तक हाताने लिहून काढले. त्यात सुमारे दीडशे कृती आहेत, त्यांतल्या पुष्कळशा मद्याच्या आहेत, आणि मिरचीचे नाव नाही. वरच्या वेष्टनावर भारदस्त चिनी नाव आहे आणि आत बायकांच्या अक्षरांत बायकांची भाषा. शेवटी त्या माउलीने लिहून ठेवले आहे की, डोळ्यांना दिसत नसता मोठ्या कष्टाने हे लिहिले. लेकींनी हवे तर नकलून घ्यावे, पण पुस्तक सासरी नेण्याचा विचारही मनात आणू नये. लेकी आज्ञाधारक निघाल्या असाव्यात, कारण ते हस्तलिखित आज ग्यॉंगबुक राष्ट्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कोरियन भाषेत एखाद्या बाईने चिरण्याला काय म्हटले असते हे आज विद्वानांना सांगता येते, ते बरेचसे तिच्यामुळे.

१९१० ते १९४५ या जपानी अंमलात स्वयंपाकघरातही जपानी शब्द शिरले. १९४२ साली कोरियन भाषेच्या कोशाचे काम करणाऱ्या मंडळींना पकडून नेले. दोघे तुरुंगातच वारले आणि कोशाचे हस्तलिखित जप्त झाले. सप्टेंबर १९४५ मध्ये ते सेऊलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. १९४७ साली पहिला खंड छापून निघाला आणि १९५७ साली सहावा. पुढे भाषाशुद्धीची चळवळ झाली. तिचा स्वयंपाकघरातला जमाखर्च मोठा बोधक आहे. मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याचे जपानी नाव गेले आणि 'दान्मुजी' रुजले. डब्याला 'दोसिराक' आले. 'तामानेगी'च्या जागी 'यांग्फा' आला. पण जाड शेवयांच्या 'उदोन'ला काढून 'काराक्गुक्सु' म्हणावे, हा हुकूम फारसा कोणी मानला नाही. आपल्याकडेही महापौर राहिले आणि पुष्कळसे प्रतिशब्द कागदावरच वाळले, हे आपण पाहिलेच आहे.

चवीच्या शब्दांवर स्वतंत्र व्याख्यान होईल, म्हणून दोनतीनच सांगतो. 'गोसोहादा' म्हणजे भाजलेल्या तिळांची चव. यादीत त्याचा इंग्रजी अर्थ 'बदाम-अक्रोडासारखा' असा काहीतरी दिलेला असतो. मराठीत तो एका शब्दात सांगता येतो: खमंग. नावडत्या माणसाची फजिती झाली की कोरियन मनुष्य 'गोसोहादा!' म्हणतो, आणि आपण एखाद्याचा 'खरपूस' समाचार घेतो. 'सिंगॉप्ता' म्हणजे मीठ कमी पडलेला, पांचट, आणि विनोदही सिंगॉप्ता असतो, अगदी आपल्यासारखाच. आवाजाच्या शब्दांत तर ते आमचे गुरू शोभतील. लहान भांड्यातली आमटी 'बोगुल-बोगुल' उकळते आणि मोठ्या हंड्यातली 'बुगुल-बुगुल'. स्वर बदलला की भांड्याचा आकार बदलतो. आमची रटरट आणि खदखद यांना त्या घरी मानाचे पान मिळेल. एक शब्द मात्र आम्हांला अजून मराठीत नीट उतरवता आलेला नाही. तोंड पोळेल असे सूप पिऊन कोरियन म्हातारा 'शिवॉन्हादा' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'गार वाटले'. 'मोकळे वाटले' म्हणावे तर जवळ जाते, पण पोहोचत नाही.

मापांकडे मात्र काळजीपूर्वक पाहावे, कारण येथे चुकले तर पदार्थ जातो. कोरियन पाकपुस्तकातला 'खॉप' म्हणजे कप २०० मिलिलिटरचा असतो, अमेरिकन कप सुमारे २४० चा. मोठा चमचा १५ आणि लहान चमचा ५ मिलिलिटर. इंग्रजी पुस्तकाच्या कपाने कोरियन कृती मोजली की पीठ सैल होणार, हे ठरलेले. 'गुन्' हे जुने वजन मांसाला लावले तर ६०० ग्रॅम आणि भाजीला लावले तर बहुधा ४०० ग्रॅम. शब्द एक, तागडी दोन. शिवाय संख्याही दोन प्रकारच्या: घरची 'हाना, दुल्, सेत्' आणि चिनी 'इल्, ई, साम'. लसणाच्या तीन पाकळ्या घरच्या अंकांनी मोजतात, तीन मिनिटे चिनी अंकांनी. सगळ्यात अवघड माप म्हणजे 'जॉक्तांगी'. त्याचा अर्थ बेताने, अंदाजाने. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' निघाले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर गेले, पण त्याआधीच्या आपल्या आज्यांचे सगळे पाकशास्त्र 'जॉक्तांगी'च होते. हा शब्द हाताला कळतो, कोशाला कळत नाही. म्हणूनच तेथे चांगल्या स्वयंपाकाला 'सोन्मात्' म्हणजे हाताची चव म्हणतात.

आणि मोजण्याचे शब्द! कोबीचा गड्डा 'फोगी', पालकाची जुडी 'दान्', लसणाची पाकळी 'चोक्'. समुद्रशेवाळाचे वाळवलेले शंभर पापुद्रे म्हणजे एक 'थोत्'. बांगड्याच्या जातीचे दोन मासे, एक मोठा आणि एक लहान, एकात एक बसवलेले, म्हणजे एक 'सोन्', अर्थात एक हात. दोरीत ओवलेले वीस मासे म्हणजे एक 'दुरुम्'. 'म्यॉंग्थे' नावाच्या माशाची तर कथाच निराळी. तो ताजा असला की 'सेंग्थे', गोठवलेला 'दोंग्थे', वाळवलेला 'बुगॉ', अर्धवट वाळवलेला 'खोदारी', डोंगराच्या थंडीत गोठत-विरघळत पिवळा झालेला 'ह्वांग्थे', आणि पिल्लू असले तर 'नोगारी'. ज्यांच्या घरी ताज्या कोळंबीला कोळंबी आणि वाळवलेलीला सोडे म्हणतात, त्या कोकणी मंडळींना यात नवल वाटणार नाही. नवल पुढेच आहे. कोरियाच्या समुद्रातून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला आणि २०१९ पासून तो पकडण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. आज ताटात येतो तो बहुतेक रशियाच्या बाजूचा. मासा गेला, त्याची सहा नावे मात्र बाजारात रोज हाका मारतात.

ज्यांना प्रत्यक्ष आरंभ करावयाचा असेल त्यांच्यासाठी थोडे सांगून थांबतो. वहीचे दोन रकाने करा: एकात कोरियन अक्षरे, दुसऱ्यात मराठी क्रियापद. अक्षरे चोवीसच आहेत, आठवड्यात येतात. इंग्रजीचा तिसरा रकाना करू नका. मराठी शब्द आठवत नसेल तर घरातल्या वडील बाईंना विचारा. कोशापेक्षा लवकर उत्तर मिळते. आणि शब्द पाठ करण्याऐवजी एक पदार्थ करा. 'खोंग्नामुल्-गुक्' म्हणजे मोड आलेल्या सोयाबीनचे सार. त्याला सहा क्रियापदे पुरतात. मोड 'दादुम्ता', म्हणजे निवडावे. 'सित्ता', धुवावे. पाण्यात 'नॉथा', घालावे. झाकण 'दॉप्ता', झाकावे. 'कुरिदा', उकळावे. आणि शेवटी 'गान् बोदा', मीठ पाहावे. वरून पातीचा कांदा आणि ठेचलेला लसूण. एक पथ्य मात्र सांभाळा: झाकण ठेवले असेल तर ते मध्येच उघडून पाहू नका. सोयाबीनचा कच्चा वास सारात राहतो आणि मग लसूण कितीही घाला, जात नाही.